परदेशी प्रवाशांनी केलेली आपली वर्णनं कशी वाचायची?

कराडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय. एम.ए.च्या प्रकल्पासाठी तिने 'परदेशी प्रवाशांनी पाहिलेला महाराष्ट्र' हा विषय घेतलाय. ती लिहिते, "मॅडम, सर म्हणतात की हे सगळे प्रवासी पूर्वग्रहाने भरलेले, त्यांचं काही खरं धरू नकोस. घरी मात्र चिनी प्रवासी ह्युएन त्संगाने मराठी माणसाची केलेली स्तुती मोबाइलवर सारखी फिरत असते आणि ती सगळ्यांना शंभर टक्के खरी वाटते. मी नेमकं काय धरायचं?"

प्रश्न चांगला आहे, आणि मला जिव्हाळ्याचा आहे. मी साताऱ्यात राहते. २७ वर्षं इतिहास शिकवला, आणि त्यातली बरीचशी वर्षं टेबलावर एका बाजूला प्रवासवर्णनं आणि दुसऱ्या बाजूला मोडी कागद ठेवून वाचण्यात गेली. म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुझे सर आणि तुझ्या घरची मंडळी एकाच पद्धतीने वाचतात. एक अख्खा प्रवासी टाकून देतात, दुसरी अख्खा प्रवासी उचलतात. प्रवासी असा घाऊक घ्यायचाच नसतो. एकेक वाक्य सुटं करून घ्यायचं. मी वाचताना समासात पेन्सिलीने तीन खुणा करते. 'पा' म्हणजे या माणसाने हे स्वतः पाहिलं. 'ऐ' म्हणजे कुणीतरी सांगितलेलं ऐकलं. 'ठ' म्हणजे पाहिल्या-ऐकल्यावरून त्याने मनाशी ठरवलं. पुष्कळदा एकाच वाक्यात तिन्ही खुणा येतात, आणि खरी मजा तिथेच असते.

उदाहरण घेऊ. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो चौलला उतरला. विकायला एक घोडा बरोबर आणला होता. तिथून घाट चढून जुन्नरला आला आणि तिथे अडकला. तो लिहितो की इथे हिवाळा ट्रिनिटीच्या सणाला सुरू झाला, चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात.

आता हे वाक्य सोडव. ट्रिनिटीचा सण येतो मे-जूनमध्ये. पाऊस, चिखल, नांगरणी, पेरणी या सगळ्यावर 'पा'. यात शंका घ्यायला जागा नाही, जुन्नरचा मृगानंतरचा पाऊस आजही असाच असतो. पण 'हिवाळा' या शब्दावर 'ठ'. त्याच्या गावी वर्षातला एक काळ असा असतो की हवा बिघडते, वाटा अवघड होतात, माणूस घरात बसतो. त्या काळाला तिथे हिवाळा म्हणतात. जुन्नरला तसाच काळ दिसला, त्याने तोच शब्द लावला. शब्द चुकला म्हणून वर्णन खोटं ठरत नाही. उलट त्या चुकीतूनच दिसतं की परक्या व्यापाऱ्याला आपला पावसाळा कसा वाटत होता: वाट बंद, घरात अडकून पडण्याचा काळ. आपल्याकडच्या कुठल्या कागदात कुणी लिहिलं असतं की पावसाळ्यात चिखल होतो?

हाच निकितिन लिहितो की मी जाईन तिथे लोक मागे मागे येतात, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. म्हणजे तो आपल्याला बघत होता तेव्हा आपणही त्याला बघत होतो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणून बजावलं. एका खुरासानी माणसाने मध्ये पडून त्याला सोडवलं. हा प्रसंग लक्षात ठेवूनच त्याची पुढची पानं वाचायला हवीत. एकटा पडलेला, आपल्या धर्माचे सण नेमके कधी येतात याचा हिशेब चुकलेला माणूस लिहितोय. तो कुणाच्या जेवणाकडे आणि कुणाच्या पूजेकडे इतकं बारीक बघतो, त्याचं कारण या भीतीत असावं असं मला वाटतं.

प्रवासी आपल्याला का हवेत, त्याचं कारणही यातच आहे. जे रोजचं असतं ते घरचा माणूस लिहीत नाही. बखरकार लढाई लिहील, वतनाचा तंटा लिहील, कुणाला कोणती वस्त्रं मिळाली ते लिहील. पोरं शाळेत कशी शिकतात हे त्याला लिहावंसं वाटणारच नाही, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊकच आहे.

'धुळाक्षरं' हा शब्द तू ऐकलायस. पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटाने अक्षरं काढायची. शब्द भाषेत राहिला, पण प्रत्यक्षात ते कसं चालायचं याचं डोळ्यांसमोर उभं राहील असं चित्र मला मिळालं ते रोमच्या पिएत्रो देल्ला व्हाल्लेकडून. १६२३ मध्ये तो गोव्याहून इक्केरीकडे निघाला होता. म्हणजे मुलूख कानडी, पण पद्धत आपल्याला परकी नाही. वाटेत एका देवळाच्या ओवरीत त्याला चार मुलं हिशेब घोकताना दिसली. एक मुलगा सुरात एक आकडा म्हणायचा आणि म्हणता म्हणता जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत तो बोटाने लिहायचा. बाकीचे त्याच्यामागून तेच म्हणायचे, तेच लिहायचे. जमीन भरली की वाळू सारखी करून पुढचा धडा. देल्ला व्हाल्ले तिथे थांबला आणि त्याने मुलांना विचारलं की इथे गुरुजी नाहीत, मग चुकलात तर दुरुस्त कोण करतं? मुलांनी उत्तर दिलं की आम्ही चौघंही एकाच ठिकाणी चुकू असं कसं होईल?

मी हा उतारा वर्गात वाचून दाखवायचे तेव्हा पोरं एकदम सावरून बसायची. चारशे वर्षांपूर्वीच्या एका मुलाचं बोलणं ऐकू येतं, आणि ते ऐकवणारा एक इटालियन माणूस आहे. त्याने थांबून विचारलं नसतं तर ते गेलंच असतं. हे पान 'पूर्वग्रह' म्हणून टाकून द्यायचं? माझ्याच्याने व्हायचं नाही.

रायगडाचंही तसंच. १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. सिंहासनाच्या बाजूला सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लावलेली माशांची सोन्याची डोकी, घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल लटकणारा सोन्याचा तराजू त्याने टिपून ठेवला. दाराशी उभे असलेले हत्ती पाहून त्याला प्रश्न पडला की असल्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे. या सगळ्यावर निर्धास्तपणे 'पा' लिही. तराजू हे न्यायाचं चिन्ह, असंही तो लिहितो. तिथे थांब आणि विचार कर. हे त्याला कुणी सांगितलं, की त्याच्याही देशात तराजूचा अर्थ तोच असल्याने त्याने आपलं आपण ठरवलं? बरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता, तेव्हा सांगितलंही असेल. मी अशा ठिकाणी 'ऐ' आणि 'ठ' दोन्ही लिहून ठेवते.

त्या वकिलातीच्या हकिकतीत एक छोटी गोष्ट आहे. या इंग्रजांना रोज मटण लागायचं आणि गडावर तसं खाणारं फारसं कुणी नव्हतं. मटण पुरवणारा म्हातारा खाटीक शेवटी मुद्दाम गड चढून त्यांना बघायला आला, कारण इतक्या वर्षांत विकलं नसेल इतकं मटण या मूठभर माणसांनी थोड्या दिवसांत संपवलं होतं. राज्याभिषेकाच्या काळात गडावरचा रोजचा आहार काय होता, हे या एका गोष्टीवरून जितकं कळतं तितकं पानंच्या पानं भरलेल्या वर्णनातून कळत नाही.

आता भाषेकडे येऊ. माझ्या मते कुठल्याही प्रवाशाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच: याला इथली भाषा येत होती का? येत नसेल तर मध्ये कोण होतं?

आपल्या वाई तालुक्यातल्या बावधनचं बगाड, म्हणजे नवस केलेल्या माणसाला उंच खांबाला लटकवून मिरवायचा लाकडी गाडा, तू पाहिलं असशील. रंगपंचमीला सोनेश्वराहून बैल जुंपून ते गावात आणतात, 'काशीनाथाचं चांगभलं'च्या गजरात. ज्याच्या नवसाला कौल मिळाला तो बगाड्या वर लटकतो. आता गळ टोचत नाहीत, बांधतात. पूर्वी पाठीत गळ अडकवत, आणि दक्षिणेत आलेल्या कितीतरी युरोपीय प्रवाशांनी ते दृश्य लिहून ठेवलंय. बहुतेकांनी लिहिलंय रक्त, गळ, खांब, आरडाओरडा, आणि शेवटी हे लोक कसे क्रूर देव पूजतात असा शेरा. दिसायला तेच दिसणार. लांब उभ्या राहिलेल्या माणसाला कौल दिसत नाही. नवस दिसत नाही. कुणाचे बैल कोणत्या टप्प्याला जुंपायचे, कोणता मान कोणत्या घराण्याचा, हेही दिसत नाही.

पण १५१६ च्या सुमारास लिहिणारा पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा वेगळा आहे. विजयनगरच्या राज्यातल्या अशाच विधीचं वर्णन करताना तो आधी नवस सांगतो: एखाद्या मुलीचं मन एखाद्यावर बसलं तर ती देवाला बोलते की हाच नवरा मिळाला तर त्याच्या घरी जाण्याआधी तुझी ही सेवा करीन. मग तो गळाकडे वळतो. म्हणजे दृश्याआधी कारण. बार्बोसा मलबारात बरीच वर्षं राहिला होता आणि तिथली भाषा त्याला चांगली येत होती. माणसाला विचारून कारण काढायची सवय त्याला तिथे लागली असणार. दोघं पोर्तुगीज, दोघं ख्रिस्ती, दोघं एकाच काळातले असले तरी एक विचारतो आणि दुसरा नुसता बघतो, तर दोघांच्या पानांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून 'युरोपीय नजर' असा एकच शिक्का मारून मोकळं होऊ नकोस.

भाषेच्या बाबतीत अल्बेरुनीला तोड नाही. ख्वारज्मचा हा विद्वान गझनीच्या महमुदाच्या काळात हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, पंडितांपुढे बसून ग्रंथ समजून घेतले आणि १०३० च्या सुमारास आपला ग्रंथ पुरा केला. सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की या लोकांना समजून घेणं अवघड का आहे: भाषा वेगळी, धर्म वेगळा, रीती वेगळ्या, आणि महमुदाच्या स्वाऱ्यांनी मनं दुरावलेली. आपल्या आश्रयदात्याच्या स्वाऱ्यांनी हा देश उद्ध्वस्त केला, असं स्वच्छ लिहायला तो कचरला नाही. इथले लोक आमच्या पेहरावाचं नाव काढून पोरांना घाबरवतात, असं तो म्हणतो. आणि लगेच पुढे म्हणतो की न्यायाने बोलायचं तर परक्याला असं हिणवणं फक्त यांच्यातच नाही, आमच्यातही आहे आणि सगळ्याच लोकांत आहे.

त्याच्या ग्रंथात उलट्या रीतींची एक मोठी यादी आहे. हे लोक पागोट्याची विजार करतात, म्हणजे आपलं धोतर. पुरुष कानांत दागिने घालतात. जेवायला एकेकटे बसतात. अशी यादी हा प्रवासवर्णनातला फार जुना प्रकार आहे. हिरोडोटसनेही इजिप्तबद्दल तसंच लिहिलं की तिथे बायका बाजारात जातात आणि पुरुष घरी बसून विणतात. आपल्या घरची रीत सरळ धरायची आणि समोरची उलटी म्हणायची. अशी यादी दिसली की दोनदा वाच: एकदा समोरच्या समाजासाठी आणि एकदा लिहिणाऱ्याच्या घरासाठी, कारण तिच्यात त्याचं घरही उतरलेलं असतं. अल्बेरुनी हे जाणून होता. यादी संपवताना तो सांगतो की इस्लामच्या आधी अरबांतही असल्या रीती होत्या.

आता आपल्या भागाकडे येते. तुला कराडहून जवळ म्हणून तासगावचं उदाहरण देते. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन १७९० मध्ये टिपूवरच्या मोहिमेत धारवाडला वेढा घालून बसले होते. मदतीला इंग्रजांची कॅप्टन लिटलची तुकडी होती आणि तिच्यात एडवर्ड मूर नावाचा तरुण अधिकारी होता. १७९४ मध्ये लंडनला त्याचं पुस्तक निघालं. मराठी फौजेचा तळ, बाजार, घोडी, माणसं, सगळं त्याने जवळून पाहिलेलं. वेढ्याच्या तोफांबद्दलचा त्याचा उतारा पुष्कळांनी उचललाय: तोफ भरली की मोर्च्यावरचे सगळे खाली बसतात, अर्धा तास गप्पा आणि धूम्रपान, मग तोफ डागायची, धुरळा चांगला उडाला की समाधान, पुन्हा भरायची, पुन्हा गप्पा. दुपारी जेवणाला दोन तास काम बंद.

माणसं बसली होती, ओढत होती, बोलत होती, हे मूरने पाहिलं. 'पा'. पण उताऱ्याचा सूर असा की या लोकांना वेढा चालवता येत नाही, आणि तो सूर 'ठ' आहे. मूरच्या डोक्यात वेढा म्हणजे तोफांनी तट पाडायचा आणि खिंडारातून शिरायचं. आपल्याकडे वेढ्याची दुसरीही रीत होती. वाटा धरायच्या, दाणावैरण तोडायची, आणि आतल्यांशी बोलणं चालू ठेवायचं. धारवाड एप्रिल १७९१ मध्ये हाती आलं ते बोलणी होऊन, अटी ठरूनच. तेव्हा तोफेपाशी बसलेली माणसं आळशी होती की दारूगोळा पुरवून वापरत होती, की मुळात तोफेवर फारशी भिस्तच नव्हती, हे मूरच्या पानावरून ठरवता येत नाही. त्यासाठी पटवर्धनी पत्रं वाचायला लागतात. पुष्कळ छापलेली आहेत आणि घरगुती मराठीत आहेत, तुला जड जाणार नाहीत. दोन्ही समोर ठेव. मूर टाकून देऊ नकोस, कारण तोफेपाशी माणसं कशी बसतात हे पत्रांत कधीच येणार नाही.

आणि आता साताऱ्याचा ग्रँट डफ. हा काही वाटसरू नव्हता, १८१८ ते १८२२ इथे राहून प्रतापसिंह महाराजांच्या राज्याचा कारभार पाहणारा अधिकारी होता. महाराजांनी त्याला कागद दिले, लोकांनी दफ्तरं उघडली. त्यातून १८२६ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाचे त्याचे तीन खंड निघाले, पुढे थोड्याच वर्षांत ते मराठीतही आले आणि शाळांत शिकवले गेले. म्हणजे परक्याने आपल्याकडे पाहून लिहिलेलं आपण आपल्याच मुलांना आपला इतिहास म्हणून शिकवलं. प्रवासवर्णनाचा एवढा मोठा परिणाम मला दुसरा माहीत नाही.

मराठ्यांचा उदय सांगताना त्याने एक उपमा वापरलीय: सह्याद्रीच्या रानातलं वाळलेलं गवत पेटावं, ज्वाळा पसरत जाव्यात आणि लांबच्या लोकांनी तो वणवा पाहून थक्क व्हावं, तसं हे झालं. उपमा इथली आहे, साताऱ्यात चार उन्हाळे काढलेल्या माणसाची. फाल्गुनात रात्री गच्चीवर उभं राहिलं की यवतेश्वराच्या बाजूला, कासच्या वाटेवर डोंगराच्या कडेने लाल रेघ सरकताना मी लहानपणापासून बघत आलेय. त्यानेही तीच पाहिली असणार.

पण त्या उपमेत एक गोष्ट त्याने न सांगता ठरवून टाकलीय: वणवा आपोआप लागला. गवत वाळलं होतं, ठिणगी पडली, पेटलं. इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार, वणवे बहुतेक लागत नाहीत, लावले जातात. जुनं गवत जाळलं की नवं जोमाने फुटतं अशी समजूत असते, कुणी बांध जाळताना आग वर जाते. ते चांगलं की वाईट हा प्रश्न वेगळा, पण काडी कुणाच्या तरी हातात असते आणि तिच्यामागे कारण असतं. ग्रँट डफने लांबून रेघ बघितली. डोंगरावरच्या माणसाचा हात त्याला दिसला नाही.

आपल्या लोकांनी त्याला नेमकं इथेच धरलं. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये, विद्यार्थिदशेत असताना, त्याच्या ग्रंथावर टीका लिहिली. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये या वणव्याच्या उपमेलाच हात घातला आणि विचारलं की एवढी मोठी राज्यसत्ता अपघाताने उभी राहते काय? त्यामागे संत, गावं, जमिनीची व्यवस्था, लोकांची एकत्र येण्याची सवय हे सगळं नव्हतं काय? आणि इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी वाईत सापडलेले कागद १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात छापले, तिथून मूळ कागदांचा ओघ सुरू झाला. यातल्या कुणीही ग्रँट डफला जाळून टाका म्हटलं नाही. त्याने पाहिलेल्या कागदांची नोंद आजही उपयोगी पडते. त्याने ठरवलेलं त्यांनी तपासलं.

एक गोष्ट तुला वर्गात कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. हे बहुतेक सगळे पुरुष. घराच्या ओसरीपुढे त्यांना काही दिसलं नाही. ओसरीवर बसून त्यांनी माजघराबद्दल जे लिहिलं, त्यावर सरसकट 'ऐ' किंवा 'ठ' कर. माजघरात जायला मिळालं ते बायकांना. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने १८३५ मध्ये फतेगडला बायजाबाई शिंद्यांची भेट घेतली. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या लेक, ग्वाल्हेर सुटल्यावर तिथे मुक्कामाला होत्या. इंग्रज बायका घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून कशा बसतात, याचं त्या मराठा बायकांना भारी हसू आलं. फॅनीने त्यांच्यासारखा पोशाख करून, मराठा रीतीने घोड्यावर बसून पाहिलं आणि तिला तेच सोयीचं वाटलं. मग दोघींचं बोलणं निघालं ते बायकांच्या दशेवर. इकडे विधवेचे हाल आणि तिकडे इंग्लंडच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या पूर्ण ताब्यात कसं दिलंय, हे फॅनीने स्वतः लिहून ठेवलंय. दुसऱ्याचं घर बघायला गेली आणि आपल्या घराचे वासे मोजून आली. मी इतकी प्रवासवर्णनं वाचली, त्यांतलं हे पान मला सगळ्यांत जवळचं आहे.

आता तुझ्या मोबाइलवरचा ह्युएन त्संग. तो ६४१ च्या सुमारास इथे आला, तेव्हा राज्य पुलकेशी दुसऱ्याचं. लोक मानी, उपकार केला तर जाणणारे, अपमान केला तर सूड घेणारे, शत्रूलाही आधी कळवून मग लढणारे, असं तो लिहितो. वाचून छाती फुगते, माझीही फुगते. पण त्याचा ग्रंथ सलग वाच. प्रत्येक राज्याला तो जवळजवळ तेच रकाने भरतो: घेर किती ली (ली हे चिनी अंतराचं माप), राजधानी किती ली, जमीन कशी, हवा कशी, लोकांचा स्वभाव कसा, विहार किती, भिक्षू किती. आपल्या राज्याचा घेर ६,००० ली, राजधानी ३० ली, विहार शंभराच्या वर, भिक्षू सुमारे ५,०००. 'स्वभाव' हा त्यातला एक रकाना. तो बुद्धाच्या वाटेने निघालेला भिक्षू, मुक्काम विहारात. म्हणजे विहार आणि भिक्षूंच्या आकड्यांना जितका भाव, तितका 'लोकांच्या स्वभावा'ला देता येत नाही, कारण एवढ्या मोठ्या मुलखाचा स्वभाव कुणालाही 'पाहता' येत नाही. हा 'ऐ' आहे, बहुधा विहारातल्या यजमानांकडून. त्याच परिच्छेदात हरलेल्या सेनापतीला बायकांचे कपडे घालायला लावतात आणि लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, असंही आहे. फिरणाऱ्या निरोपात तेवढं गाळलेलं असतं. स्तुतीलाही निंदेइतकीच कडक पेन्सिल लाव. आपल्याला आवडलेल्या वाक्यावर 'पा' लिहायची फार घाई होते.

पानं आपल्या हातात कशी आली, तेही बघ. मौर्यांच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस, त्याचा मूळ ग्रंथ गेलाच, उरले ते इतर ग्रीक-रोमन लेखकांनी घेतलेले उतारे. इब्न बतूताने नंदुरबारच्या मराठ्यांचं जेवण, त्यांची स्वच्छता, वैद्य आणि ज्योतिषी यांबद्दल लिहिलंय, पण ते सगळं परत घरी मोरोक्कोला गेल्यावर, कित्येक वर्षांनी, आठवणीतून दुसऱ्याला सांगून लिहवून घेतलेलं. निकितिन तू मराठीत वाचलास तर तो रशियनवरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून मराठीत आलेला असण्याचीच शक्यता जास्त. 'हिवाळा' शब्दाचं काय झालं असेल, विचार कर. एखाद्या अनुवादकाने तो गुपचूप 'पावसाळा' केला असेल तर आपला सगळा मुद्दाच बुडाला.

प्रकल्पाचं म्हणशील तर विषय आवळ. 'परदेशी प्रवाशांच्या नजरेतून महाराष्ट्र' एका वर्षात कुणालाच झेपणार नाही. एक मोहीम घे, एक गाव घे, किंवा एकच गोष्ट घे: जेवण, पाऊस, शाळा, वेढा, काहीही. धारवाडचा वेढा घेतलास तर मूर आणि पटवर्धनी पत्रं एवढं पुरे. बाकी लागलं तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडी येत नसेल तर आत्ताच शिकायला लाग, सहा महिन्यांत वाचण्यापुरती येते.

आणि एक काम माझ्या सांगण्यावरून कर. मी नोकरीला लागले त्या वर्षी माण तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत वही घेऊन गेले होते. बायका सगळ्या मागे, भिंतीकडेला बसलेल्या. मी लिहिलं, 'स्त्रियांना पुढे येऊ देत नाहीत.' संध्याकाळी एका आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, सावली तिकडंच असती. आन् मागनं समदी दिसत्यात, कुणी काय आणलं, कुणाची सून आली न्हाई." मी त्याच गावच्या पलीकडच्या तालुक्यातली, त्यांचीच भाषा बोलणारी, आणि तरीही एका दुपारी 'ठ'ला 'पा' समजून बसले होते. ती वही मी अजून जपून ठेवलीय.

येत्या रंगपंचमीला बावधनला जा. वहीच्या डाव्या पानावर फक्त 'पा' लिही: काय दिसलं, कोण कुठे होतं, किती वाजता. उजवं पान कोरं ठेव. आठवड्याने पुन्हा जा, मानकऱ्यांच्या घरी बस, त्यांच्या घरातल्या बायकांपाशीही बस, आणि ते सांगतील ते उजव्या पानावर लिही. मग दोन्ही पानं घेऊन साताऱ्याला ये, एकत्र बसून वाचू.